यंत्र-भरतकामातील सुटे धागे आणि कात्री

भरतकामाच्या यंत्राचा इतिहास सहसा टाक्याच्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु टाका घालून झाल्यावर कापडावर जे धागे सुटे राहतात ते कोणी, कोणत्या हत्याराने आणि किती जपून कापले, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि तो बहुधा दुर्लक्षित राहिला आहे. यंत्राने सुईचे काम उचलले, तरी कात्रीचे काम त्याने दीर्घकाळ हातावरच सोडले, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्या कामाचे स्वरूप बदलून कात्रीचा आकारही बदलत गेला.

आल्झासमधील म्युलूझ येथे जोस्यूए हाइलमान याने 1828 साली भरतकामाचे पहिले उपयोगी यंत्र सिद्ध केले. त्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्यभागी नेढे असलेल्या सुया होत्या. उभ्या चौकटीत ताणलेल्या कापडाच्या दोन्ही बाजूंस चिमट्यांच्या रांगा असत, आणि सुई कापडातून आरपार जाऊन पलीकडच्या चिमट्यात पकडली जाई. कारागीर सहापट मोठ्या केलेल्या आराखड्यावर पँटोग्राफचे टोक फिरवी; पँटोग्राफ म्हणजे मोठ्या रेखाटनावरील हालचाल लहान प्रमाणात चौकटीला देणारा दांड्यांचा सांगाडा. या यंत्रात प्रत्येक सुईत धाग्याचा तुकडा वेगळा ओवावा लागे आणि तो संपला की पुन्हा ओवावा लागे. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांत हे यंत्र स्थिरावल्यावर ओवण्याचे काम बायकामुलांकडे गेले, आणि घराला लागून असलेल्या खोलीत यंत्र, त्याच्यापाशी घरचा पुरुष व भोवती ओवणारी माणसे, अशी घरगुती उद्योगाची रचना तेथे रूढ झाली.

1863 साली ओबरउत्स्विलच्या आयझॅक ग्रोब्ली याने शिवणयंत्राचे तत्त्व भरतकामाला लावले. त्याच्या यंत्रात सुईचे नेढे टोकापाशी होते, रिळावरचा अखंड धागा पुढून येई आणि मागून होडीच्या आकाराचा छोटा धोटा दुसरा धागा घेऊन त्यात अडकवी. या धोट्यावरूनच यंत्राला ‘शिफली’ हे नाव पडले, आणि तेच नाव भारतीय कापडबाजारातही रुळले आहे. महाराष्ट्रात ‘हकोबा’ म्हणून ओळखले जाणारे छिद्राछिद्रांचे सुती कापड याच जातीच्या यंत्रावर भरले जाते. ग्रोब्लीचा मुलगा जोसेफ आर्नोल्ड याने 1898 साली पँटोग्राफ फिरवणाऱ्या कारागिराच्या जागी छिद्रित पट्टीवर चालणारी स्वयंचलित रचना आणली. 1910 च्या सुमारास भरतकाम हे स्वित्झर्लंडच्या निर्यातीतील सर्वांत मोठे क्षेत्र झाले होते आणि जगातील निम्म्याहून अधिक भरतकाम सेंट गालेनच्या परिसरातून येत होते.

अखंड धाग्याने ओवण्याचे श्रम कमी केले, पण त्याच अखंडपणातून कापण्याचे श्रम निर्माण झाले. एक फूल भरून संपते आणि दुसरे काही अंतरावर सुरू होते, तेव्हा सुई मध्ये थांबत नाही. धागा एका आकृतीवरून दुसरीवर उडी घेतो आणि मधल्या कापडावर मोकळा पसरून राहतो. यंत्रावर शेकडो सुया एका ओळीत एकच नक्षी भरत असल्यामुळे एका उडीचे शेकडो सुटे धागे होतात, शिवाय मागील बाजूला धोट्याच्या धाग्याच्या उड्या उरतात. हे धागे कापण्यासाठी पुढे कापडावरून फिरणारी यंत्रे आली, तरी नाजूक कापडावर आणि दाट नक्षीत त्यांचा उपयोग मर्यादित होता. कापड थान म्हणून यंत्रावरून उतरे आणि कात्री घेतलेल्या स्त्रियांकडे जाई. यंत्राच्या चुका हाताने दुरुस्त करणाऱ्या कारागिरांप्रमाणेच कापणाऱ्यांचाही एक वेगळा वर्ग तयार झाला.

हे काम जितके साधे दिसते तितके नव्हते. धागा फार जवळ कापला तर शेवटचा टाका सुटून संपूर्ण रेघ उसवते, लांब ठेवला तर तो धुण्यात बाहेर येतो, आणि कात्रीचे टोक किंचित खाली गेले तर कापडालाच छिद्र पडून पूर्ण थान उतरत्या मोलाचे होते. म्हणून या कामासाठी कात्री निवडताना पात्याची लांबी, टोकाची बारकाई आणि टोकाचा कल या गोष्टींना महत्त्व आले. शिंप्याच्या लांब पात्याच्या कात्रीचा येथे उपयोग नाही, कारण तिची खरी धार पात्याच्या मध्यावर कामाला येते. भरतकामाच्या कात्रीला मात्र अगदी टोकाशी एकच धागा स्वच्छ तोडता आला पाहिजे. चांगल्या कात्रीची दोन पाती सपाट नसून किंचित बाहेर वाकलेली असतात, त्यामुळे ती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. खिळा ढिला असेल तर धागा कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो, फार घट्ट असेल तर दिवसभर काम करणाऱ्या अंगठ्याला त्याचा ताण पडतो.

टोक वर वळवलेली कात्री कापडावर टेकवली तरी तिचे अणकुचीदार टोक कापडापासून दूर राहते. दांडा आणि पाते दोन्ही वळवलेली कात्री कापड ताणून धरणाऱ्या लाकडी रिंगच्या कडेवरून आत पोचते. लेस वेगळी काढण्यासाठी एका पात्याच्या टोकाला लहान गोळी असलेली कात्री वापरली जाते, कारण ती गोळी जाळीखालून सरकते पण धागा टोचत नाही. वर लावलेल्या कापडाचा जादा भाग कापताना एका पात्याला बदकाच्या चोचीसारखे रुंद पान असलेली कात्री खालचे कापड दाबून धरते. अशी विशेष कात्री बनवणाऱ्यांत इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही केंद्रे अग्रेसर होती. शेफील्डच्या परिसरात 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवलेले एकजीव पोलाद तयार केले, आणि त्यामुळे बारीक पात्यात टिकाऊ धार राखणे सोपे झाले. झोलिंगेन येथील हेन्ड्रिक्स कारखाना 1886 पासून शंभर वर्षे कात्र्यांचे कच्चे तुकडे घडवत होता. आज तो औद्योगिक संग्रहालय आहे. 1938 साली जर्मन कायद्याने ‘झोलिंगेन’ हे नाव त्या प्रदेशात बनलेल्या मालापुरते राखून ठेवले. भारतातील मेरठच्या कात्र्यांना 2013 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुन्हा धार लावून वर्षानुवर्षे वापरता येणाऱ्या या कात्र्यांचा मोठा ग्राहक मात्र शिंपी आहे.

जपानमध्ये वेगळी परंपरा होती. तेथे एकाच पोलादी पट्टीला वाकवून केलेली, खिळा नसलेली, दाबली की मिटणारी आणि सोडली की उघडणारी छोटी कात्री धागे कापण्यास वापरली जाई. तिचा मूळ प्रकार प्राचीन काळापासून भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातही होता. बोटे कडीत न घालता ती तळव्यात धरून ठेवता येत असल्यामुळे शिलाई आणि भरतकामाच्या कारखान्यांत ती जगभर पसरली. मुंबईच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत जिला नुसते ‘कटर’ म्हणतात, ती याच घराण्यातील आहे. योगायोगाने भरतकामाच्या यंत्राचा पुढचा टप्पाही जपाननेच गाठला. 1960 च्या दशकात ताजिमासारख्या उत्पादकांनी अनेक शीर्षांची यंत्रे बाजारात आणली, आणि नंतर त्यांत सुईखालच्या पट्टीत फिरती व स्थिर सुरी बसवून वरचा धागा आणि बॉबिनचा धागा आपोआप कापण्याची सोय झाली.

तरीही कात्री कालबाह्य झाली नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक तसेच आर्थिकही आहे. प्रत्येक स्वयंचलित कापणीसाठी यंत्र थांबते, टाके पक्के करते आणि पुन्हा सुरू होते, त्यामुळे वेळ जातो; म्हणून संगणकावर नक्षी तयार करणारा कारागीर लहान उड्या मुद्दाम न कापता सोडतो, आणि त्या यंत्रावरून उतरल्यावर हाताने कापाव्या लागतात. जेथे मजुरी यंत्राच्या वेळेपेक्षा स्वस्त पडते तेथे हे गणित अधिकच कात्रीच्या बाजूने झुकते. सुरतेत साड्यांवरील धागे कापण्याचे काम मोठ्या प्रमाणावर घरी बसून, नगाप्रमाणे मजुरी घेऊन स्त्रिया करतात, आणि मुंबईच्या कारखान्यांत ‘धागा कटिंग’ हे सर्वांत कमी मजुरीच्या कामांपैकी एक आहे. सेंट गालेनच्या खेड्यांतही हे काम असेच विखुरलेले होते, आणि 1920 च्या दशकात फॅशन बदलून तो उद्योग कोसळला, तेव्हा यंत्रमालकांकडे निदान विकायला यंत्र होते, कापणाऱ्या स्त्रियांकडे तेही नव्हते.

हाइलमान आणि ग्रोब्ली यांच्या यंत्रांची उदाहरणे आज संग्रहालयांत जपलेली आहेत. त्याचप्रमाणे भारतातील वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सुरत आणि मुंबईतील धागे कापणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीची, त्यांच्या हत्यारांची आणि कौशल्याची नोंद, त्या स्त्रिया या कामात आहेत तोवर, घ्यावी.