१९२० उन्हाळी ऑलिंपिकमधील मॅरेथॉन

बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या १९२० च्या उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धेतील पुरुषांची मॅरेथॉन शर्यत २२ ऑगस्ट १९२० रोजी थंड व पावसाळी हवेत झाली. १७ देशांचे ४८ धावपटू तीत उतरले होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद या वेळेत ती जिंकली. शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन ठरते.

भारतीय क्रीडा इतिहासात या शर्यतीला वेगळे महत्त्व आहे. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भारताचे धावपटू येथे प्रथमच धावले. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले १९ वे आले, तर त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. भारताच्या ऑलिंपिक इतिहासाची सुरुवात सांगताना सहसा १९२८ च्या हॉकी सुवर्णपदकाचा किंवा १९५२ मधील खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकाचा उल्लेख होतो. चौगुले यांची कामगिरी त्या मानाने दुर्लक्षित राहिली. पदकतालिकेत १९ व्या क्रमांकाला स्थान नसते, हे त्याचे साधे कारण आहे.

पार्श्वभूमी

यापूर्वीची ऑलिंपिक मॅरेथॉन १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे कडक उन्हात झाली होती. तीत उतरलेल्या धावपटूंपैकी जवळपास निम्म्यांनी शर्यत अर्धवट सोडली. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. जपानचे शिझो कानाकुरी यांनाही उष्णतेमुळे मधेच थांबावे लागले. महायुद्धामुळे १९१६ ची स्पर्धा रद्द झाली. त्यामुळे अँटवर्पला जमलेल्या अनुभवी धावपटूंच्या मनात मॅरेथॉनची आठवण होती ती उन्हाच्या तडाख्याची. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला नेमकी उलटी हवा आली.

भारताचा संघ पाठवण्याची कल्पना पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर आकाराला आली. ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली होती आणि उद्योगपती दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. टाटा यांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात या क्रीडामेळ्यांची हकीकत सांगितली आहे. मेळ्यात उतरणारी बहुतेक मुले शेतकरी कुटुंबांतील होती. त्यांना युरोपीय पद्धतीच्या स्पर्धांचे नियम ठाऊक नव्हते, आहारही साधाच होता, आणि ती अनवाणी धावत. तरीही त्यांच्यापैकी काहींच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या वेळांच्या जवळ जात होत्या, हे टाटा यांच्या लक्षात आले. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्यासमोर त्यांनी निवडक खेळाडूंना अँटवर्पला पाठवण्याचा विचार मांडला आणि खर्चाचा काही भार स्वतः उचलला. भारतीय ऑलिंपिक संघटना तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती १९२७ मध्ये स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

अँटवर्पला गेलेल्या सहा खेळाडूंमध्ये चौगुले व दातार यांच्याखेरीज पूर्मा बॅनर्जी व एच. डी. कैकाडी हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. शिंदे यांनी कुस्तीच्या फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला. सहाजणांच्या या पथकातील मराठी आडनावांचे प्रमाण पाहता, संघाची निवड पुण्याच्या मैदानाभोवती कशी फिरली याची कल्पना येते.

शर्यत

सुरुवातीच्या टप्प्यात दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस्तियान गिटशॅम आणि यजमान बेल्जियमचे ओग्यूस्त ब्रूस आघाडीवर होते. गिटशॅम हे १९१२ चे रौप्यपदक विजेते. कोलेहमाइनेन यांनी मात्र स्टॉकहोममध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व क्रॉस-कंट्री अशी तीन सुवर्णपदके जिंकली होती, आणि आता तिशी गाठल्यावर ते लांब अंतराकडे वळले होते. त्यांनी हळूहळू आघाडीच्या धावपटूंना गाठले. उत्तरार्धात गिटशॅम दुखापतीमुळे मागे पडले व अखेर शर्यतीबाहेर गेले.

शेवटच्या टप्प्यात एस्टोनियाचे यूरी लोसमन यांनी अंतर झपाट्याने कमी केले, पण ते १२.८ सेकंदांनी मागे राहिले. त्यांची वेळ २:३२:४८.६ अशी नोंदली गेली. स्वतंत्र देश म्हणून एस्टोनियाचे हे पहिलेच ऑलिंपिक होते. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या वालेरिओ आर्री यांनी (२:३६:३२.८) शर्यत संपताच हातांवर उलटून तीन गिरक्या घेतल्या. ब्रूस चौथे आले. कोलेहमाइनेन यांची वेळ मॅरेथॉनची तोपर्यंतची जागतिक सर्वोत्तम वेळ म्हणून गणली जाते, आणि तीही नेहमीपेक्षा लांब मार्गावर.

चौगुले यांची धाव

चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. ते विजेत्यापेक्षा सुमारे १८ मिनिटांनी मागे होते. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या उन्हात थांबलेले कानाकुरी या वेळी १६ वे आले व त्यांची वेळ २:४८:४५.४ होती, म्हणजे चौगुले यांच्यापेक्षा नेमकी दोन मिनिटे कमी.

नुसत्या वेळेवरून या धावेचे मोल पुरते कळत नाही. ४२.१९५ किलोमीटर हे आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरले गेले, पण ते कायमचे ठरले १९२१ मध्ये. अँटवर्पचा मार्ग त्याहून ५५५ मीटर लांब होता. चौगुले यांची सरासरी गती किलोमीटरला जवळपास बरोबर चार मिनिटे पडते. त्याच गतीने आजचे अंतर २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या आसपास संपले असते. आजही हौशी धावपटूंमध्ये तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणे ही मोठी मजल मानली जाते.

पावसाची सवय ही चौगुले यांची जमेची बाजू असावी, असे त्यांच्या गावावरून म्हणता येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारालगत वसले आहे. तेथील पावसाळा दीर्घ आणि गार असतो. तेथे वाढलेल्या धावपटूला ओल्या रस्त्याचे अप्रूप नव्हते. अर्थात बेळगावचा पाऊस आणि उत्तर युरोपातील पाऊस यांच्या तापमानात फरक आहे.

थंड पावसाचा शरीरावरील परिणाम

एकाच हवेत जागतिक सर्वोत्तम वेळ नोंदली जावी आणि त्याच हवेत अनेकांनी शर्यत सोडावी, यात विसंगती नाही. थंडी आणि ओलावा यांचा परिणाम धावपटूच्या गतीवर अवलंबून असतो.

साठ किलो वजनाचा धावपटू ताशी १५ किलोमीटर वेगाने धावताना तासाला सुमारे ९०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. तिचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. उन्हात ही उष्णता टाकून देण्यासाठी शरीराला त्वचेकडे जादा रक्त पाठवावे लागते व घाम गाळावा लागतो, त्यामुळे स्नायूंना मिळणारा रक्तपुरवठा घटतो. गार हवेत हे काम आपोआप होते. म्हणूनच साधारण ५ ते १२ अंश सेल्सियस तापमान मॅरेथॉनसाठी अनुकूल समजले जाते. हलका पाऊसही वेगवान धावपटूला मदतच करतो.

चित्र पालटते ते गती मंदावल्यावर. दुखापत झाली, पोटऱ्यांत गोळे आले किंवा साठवलेले ग्लायकोजेन संपले, की धावपटू चालू लागतो आणि उष्णतेची निर्मिती एकदम एक-चतुर्थांशाच्या आसपास येते. कपडे मात्र तसेच भिजलेले राहतात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि समोरून वारा असेल तर ही हानी आणखी वाढते. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली उतरल्यास त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला हुडहुडी भरते आणि बोटे आखडतात. बुटाची नाडी बांधणे किंवा पाण्याच्या बाटलीचे टोपण उघडणेही जमत नाही. पुढे बोलणे अडखळते, पावले वाकडी पडतात व निर्णयशक्ती मंदावते. हुडहुडी अचानक थांबणे हे बरे वाटू लागल्याचे लक्षण नसून धोक्याचे आहे. रुग्णाला स्वतःला हे उमगत नाही, त्यामुळे सोबत धावणाऱ्याचे किंवा स्वयंसेवकाचे लक्ष निर्णायक ठरते.

थंडीत तहान कमी लागते, पण घाम येतच असतो. त्यामुळे पाणी पिणे टाळल्यास उत्तरार्धात थकवा लवकर येतो. ओल्या मोज्यांमुळे तळपायांना फोड येतात आणि भिजलेले कापड काखा, मांड्या व छातीवर घासून त्वचा सोलवटते. त्या जागी आधीच व्हॅसलीन लावण्याची पद्धत आहे.

कपड्यांच्या बाबतीत सुती कापड सर्वांत गैरसोयीचे ठरते. ते पाणी शोषून जड होते व अंगाला चिकटते. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब टिकवून ठेवते. महाराष्ट्रातील धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढ्यांमागे फिरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. १९२० मध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे धागे निघालेले नव्हते, त्यामुळे धावपटूंपुढे सूत आणि लोकर एवढेच मुख्य पर्याय होते. आज पाणी न शोषणारे पातळ कृत्रिम कापड, हातमोजे व टोपी वापरली जाते. सुरुवातीच्या रेषेवर ताटकळताना अनेकजण प्लास्टिकची मोठी पिशवी अंगावर ओढून घेतात व शर्यत सुरू होताच ती काढून टाकतात. शर्यत संपल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटे सर्वांत जोखमीची असतात. त्या वेळी ओले कपडे ताबडतोब बदलणे हा पहिला उपाय आहे, आणि चकाकत्या पत्र्यासारखे पातळ आवरण अंगाभोवती गुंडाळणे हा त्यानंतरचा.

नंतरच्या काळातील तुलनीय शर्यती

ऑलिंपिक मॅरेथॉनमधील भारताची सर्वोत्तम कामगिरीही पावसातच झाली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये शिवनाथ सिंग २:१६:२२ या वेळेत ११ वे आले. तेथील हवा अँटवर्पइतकी गार नव्हती, पण रस्ते ओले होते. सिंग हे अनवाणी धावण्यासाठी ओळखले जात.

१६ एप्रिल २०१८ रोजी झालेली बॉस्टन मॅरेथॉन थंड पावसातील शर्यतीचे अलीकडचे ठळक उदाहरण मानली जाते. गोठणबिंदूच्या जेमतेम वर असलेले तापमान, मुसळधार पाऊस आणि समोरून येणारा जोराचा वारा यांमुळे अनेक नामांकित धावपटूंनी माघार घेतली आणि हजारोंना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. पुरुषांत जपानचे युकी कावाउची (२:१५:५८) विजयी झाले. ते सरकारी नोकरी सांभाळून धावत. महिलांत अमेरिकेच्या डेझिरी लिंडेन (२:३९:५४) जिंकल्या. व्यवसायाने परिचारिका असलेल्या सारा सेलर्स दुसऱ्या आल्या. अशा हवेत नेहमीचे अंदाज कोलमडतात, हे या निकालातून दिसते.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील बाययिन येथे १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू असताना अचानक गारठा, पाऊस व वादळी वारा सुटला. धावणाऱ्या १७२ जणांपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. अनेकांच्या अंगावर अर्धी चड्डी व पातळ बनियनच होते. वारा अडवणारे जाकीट सोबत बाळगण्याची सक्ती त्या शर्यतीत नव्हती. एका मेंढपाळाने काही धावपटूंना गुहेत नेऊन शेकोटीची ऊब दिली व त्यांचे प्राण वाचवले. ही मॅरेथॉन नव्हती, तरी तिच्यानंतर लांब पल्ल्याच्या शर्यतींतील सुरक्षेचे नियम चीनमध्ये कडक करण्यात आले.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात थंडी आणि पाऊस एकत्र येत नाहीत. धाराशिव जिल्ह्यासारख्या मराठवाड्यातील पठारी प्रदेशात वर्षाला सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या उबदार महिन्यांत येतो. बालाघाट डोंगररांगेवर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बोचरी थंडी असते, पण हवा कोरडी असते. त्यामुळे येथे सराव केलेला धावपटू ऊन व कोरडी थंडी या दोन्हींना सरावलेला असला, तरी भिजल्या अंगाने तासन् तास गारठ्यात धावण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते व तेथे अडचण असते ती उकाड्याची आणि दमटपणाची.

राज्यातील सर्वांत जवळचा अनुभव सह्याद्रीच्या घाटांत मिळतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाटातून कास पठाराच्या दिशेने चढते आणि त्याच रस्त्याने खाली परतते. धुके, भुरभुर पाऊस व घाटमाथ्यावरचा वारा हे तिचे वैशिष्ट्य आहे. तापमान युरोपइतके खाली जात नाही, परंतु चढावर घामाने व पावसाने भिजलेले अंग उतारावर श्रम कमी होताच गार पडू लागते. शिवाय ओल्या उतारावर पाय घसरण्याचा धोका चढापेक्षा जास्त असतो.