आर्किटेक्टची नोंदणी म्हणजे काय? घराचा प्लॅन काढून घेण्याआधी जळगाव-धुळेकरांनी काय तपासावे?

धुळ्यात देवपूरला किंवा जळगावात महाबळला प्लॉट घेतला, बँकेचे कर्ज मंजूर झाले, की पुढचा प्रश्न येतो तो प्लॅन कोणाकडून काढायचा हा. कोणी ओळखीचा ‘आर्किटेक्ट’ सुचवतो, कोणी ‘लायसन इंजिनिअर’, तर कोणी ‘वास्तुतज्ज्ञ’. बोलताना आपण तिघांना एकाच रांगेत बसवतो. कायद्याने मात्र यातले फक्त एकच नाव राखीव ठेवले आहे. हा फरक माहीत नसेल, तर काही बिघडल्यावर तक्रार कुठे करायची हेच कळत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात ‘वास्तुविशारद अधिनियम, १९७२’ हा केंद्रीय कायदा लागू आहे. या कायद्याने वास्तुकला परिषद, म्हणजे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, स्थापन झाली. तिचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. देशातल्या सर्व आर्किटेक्टची नोंदवही ही परिषद ठेवते. राज्यनिहाय वेगळी नोंदणी नसते. शिरपूरचा आर्किटेक्ट असो की मुंबईचा, नोंदवही एकच.

या नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येते. फर्मच्या नावात हा शब्द वापरायचा असेल, तर तिचे सगळे भागीदार नोंदणीकृत असावे लागतात. नोंदणी नसताना पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर किंवा इन्स्टाग्रामवर ‘आर्किटेक्ट’ लिहिणे हा कलम ३७ चा भंग आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजबांधणीतले ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना या कलमातून वगळले आहे.

नाव राखीव, काम राखीव नाही

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. नोंदणी नसलेला माणूस घराचा आराखडा काढूच शकत नाही का? काढू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केले. उत्तर प्रदेशातील नोएडा प्राधिकरणाने आर्किटेक्टची पदवी नसलेल्या अधिकाऱ्याला ‘असोसिएट आर्किटेक्ट’ पदावर बढती दिली होती, त्यावरून हे प्रकरण उभे राहिले. न्यायालयाचे म्हणणे असे, की कलम ३७ फक्त ‘आर्किटेक्ट’ हे नाव वापरण्यावर बंदी घालते, इमारतीचे नियोजन करण्याच्या कामावर नाही. मात्र नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या पदनामात ‘आर्किटेक्ट’ हा शब्दही चालणार नाही.

कायदा करतानाच संसदेने ही भूमिका घेतली होती. अभियंते आणि इतर व्यावसायिक आपले काम करत राहतील, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणार नाहीत, असे विधेयकाच्या उद्देशातच म्हटले होते.

‘वास्तुतज्ज्ञ’ म्हणजे वास्तुशास्त्राचा सल्ला देणाऱ्याला या कायद्याखाली कोणतीही नोंदणी लागत नाही. दार कोणत्या दिशेला असावे हे तो सांगेल, पण त्यामुळे तो वास्तुविशारद ठरत नाही. इंटेरियर डिझायनरचेही तसेच. त्यांच्यासाठी हा कायदा नाही.

नोंदणी कोणाला मिळते?

मान्यताप्राप्त महाविद्यालयातून पाच वर्षांची बी.आर्क. पदवी घेतल्यावर परिषदेकडे अर्ज करावा लागतो. पदवी मिळाली म्हणजे नोंदणी आपोआप होत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी असलेल्यांना ही नोंदणी मिळत नाही.

महाविद्यालयाला मान्यता कोणाची हवी, हा वादही महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या आर्किटेक्चर महाविद्यालयाच्या प्रकरणात, वास्तुकला शिक्षणाचे निकष ठरवण्यात एआयसीटीईपेक्षा वास्तुकला परिषदेचा शब्द अंतिम, असा निकाल नोव्हेंबर २०१९ मध्ये लागला. म्हणून खानदेशातून नाशिक-पुण्याला या अभ्यासक्रमासाठी मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी, महाविद्यालयाला परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी पाहावे.

जळगाव-धुळ्यात प्लॅनवर सही कोणाची चालते?

जळगाव आणि धुळे महापालिका, तसेच भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर यांसारख्या नगरपरिषदांना डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार प्लॅन सादर करणारे साधारण असे आहेत:

- आर्किटेक्ट: परिषदेची नोंदणी पुरेशी असते. महापालिकेचा वेगळा परवाना लागत नाही.
- परवानाधारक अभियंता आणि सुपरवायझर: यांना स्थानिक नियोजन प्राधिकरण परवाना देते. सुपरवायझरला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छोट्या बांधकामांचेच प्लॅन देता येतात.
- स्ट्रक्चरल इंजिनिअर: पाया, कॉलम, बीम, स्लॅब यांच्या मजबुतीची जबाबदारी याची.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. अशा जमिनीत पाया कसा घ्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा घर तापू नये म्हणून खिडक्या, सावली आणि हवा यांचा विचार करणे हे आर्किटेक्टचे काम. एकाची सही दुसऱ्याच्या कामाची हमी देत नाही.

सही उसनी घेतली तर?

एकाने प्लॅन काढायचा आणि दुसऱ्याचा शिक्का मारून घ्यायचा, हा प्रकार घरमालकाला सोयीचा वाटतो. धोका नंतर कळतो. सही करणारा जागेवर कधी आलेलाच नसतो आणि ज्याला तुम्ही पैसे दिले, त्याचे नाव कागदावर नसते. बांधकाम जोत्यापर्यंत आल्यावर आणि भोगवटा प्रमाणपत्र घेताना पुन्हा सही लागते. तेव्हा सही करणारा हात वर करतो आणि काम अडते. म्हणून सही करणाऱ्याला स्वतः भेटा. जागेवर देखरेख कोण करणार, फी किती आणि कोणत्या टप्प्याला, हे लेखी घ्या.

फ्लॅट घेणाऱ्यांनाही याचा संबंध

महारेरात नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. बिल्डरला ती काढण्यासाठी अभियंता, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. म्हणजे काम किती झाले हे सांगणाऱ्या त्या सहीवर तुमचा पैसा अवलंबून असतो.

तपासायचे कसे, तक्रार कुठे?

- नोंदणी क्रमांक विचारा. तो ‘सीए’, मग वर्ष, मग आकडा अशा स्वरूपात असतो.
- परिषदेच्या वेबसाइटवर नाव किंवा क्रमांक टाकून पाहा. नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे मुदतही बघा.
- अभियंता किंवा सुपरवायझर असेल, तर त्याचा परवाना चालू आहे का, हे महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारा.
- आर्किटेक्टच्या गैरवर्तनाची लेखी तक्रार परिषदेकडे करता येते. १९८९ च्या आचारसंहितेनुसार काम मिळवण्यासाठी कमिशन देणे-घेणे त्याला मना आहे. दोष सिद्ध झाल्यास परिषद समज देऊ शकते, ठरावीक काळ निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते.
- कोणी खोटेच ‘आर्किटेक्ट’ म्हणवत असेल, तरी परिषदेलाच कळवा. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय केंद्र सरकारच्या आदेशाने किंवा परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने तक्रार केल्यावरच घेते.
- परिषद नुकसानभरपाई मिळवून देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. करार, पावत्या आणि मंजूर नकाशा जपून ठेवा.

परवानाधारक अभियंत्याकडून प्लॅन घेण्यात काहीच गैर नाही. छोटी घरे अनेकदा तशीच होतात. फक्त समोरची व्यक्ती नेमकी कोण आहे आणि कोणाला उत्तर देण्यास बांधील आहे, हे पहिला हप्ता देण्याआधी माहीत करून घ्या. त्यासाठी क्रमांक तपासायला लागतात जेमतेम पाच मिनिटे.