भंगारात नाही, शेडमध्ये



‘थॉमस अँड फ्रेंड्स’मधले हसऱ्या चेहऱ्याचे निळे इंजिन तुमच्या घरातल्या लेकरांना ठाऊक असेल. पण त्याची गोष्ट एका पाळकाने रचली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

विल्बर्ट ऑड्री यांचा जन्म १९११ साली इंग्लंडात एका पाळकाच्याच घरी झाला. लहानपणी रात्री अंथरुणात पडून ते जवळच्या चढावर धापा टाकणारी इंजिने ऐकत. ती एकमेकांशी बोलतात असे त्यांना वाटे. पुढे तेही पाळक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा लहानगा क्रिस्टोफर गोवराने आजारी पडला, तेव्हा त्याला रमवायला त्यांनी इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. शब्द बदलला की मुलगा चूक काढी, म्हणून त्या कागदावर उतरवल्या. पत्नी मार्गारेट यांच्या आग्रहाने १९४५ मध्ये पहिले पुस्तक निघाले. थॉमस आला १९४६ मध्ये, आणि टीव्हीवर १९८४ मध्ये.

त्या पहिल्या पुस्तकात हेन्री नावाचे इंजिन आहे. पावसाने रंग खराब होईल म्हणून ते बोगद्यातच अडून बसते. शेवटी त्याच्यापुढे भिंत बांधतात. पण एके दिवशी दुसरे इंजिन वाटेत बिघडते, तेव्हा भिंत पाडून हेन्रीलाच मदतीला बोलावतात. ऑड्रींच्या गोष्टींत चुकणाऱ्याला शिक्षा होते, पण त्याला भंगारात काढत नाहीत. दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणतात.

खऱ्या जगात मात्र १९६८ पर्यंत ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने बंद केली. वेल्समधली टॅलीलिन ही छोटी रेल्वे स्वयंसेवकांनी वाचवली. तिथे ऑड्रींनी स्वतः गार्डचे काम केले.

आपल्या सौसरवरून छिंदवाडा-नागपूर छोटी गाडी २०१५ पर्यंत धावली. मोठ्या रुळांसाठी ती थांबली. त्या काळच्या नॅरोगेजच्या खुणा आता नागपूरच्या मोतीबागेतल्या संग्रहालयात बघायला मिळतात. रूळ बदलावे लागतात, हे खरे. पण माणसांचे काय?

गेल्या वर्षी संडे स्कूलमध्ये एक मुलगा रोज गोंधळ घालायचा. रागाच्या भरात मी त्याला म्हणालो, “उद्यापासून येऊ नको.” तो खरेच आला नाही. तीन रविवार त्याची जागा रिकामी राहिली, आणि मला हेन्रीपुढची भिंत आठवत राहिली. ती मीच बांधली होती. चौथ्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. आता ढोलकी वाजवायचे काम त्याच्याकडे आहे. गोंधळ अजूनही करतो, पण तालात.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात बापाने घराचे दार बंद केले नव्हते. तुमच्या मंडळीत, घरात, कोणापुढे भिंत उभी आहे का? या आठवड्यात तिची एक तरी वीट काढू या.

प्रभू, आम्ही कोणाला टाकून दिले असेल तर त्याला परत आणायचे धैर्य दे. आमेन.