मुंबईहून गेलेला एक पेपर आणि त्याचे तीन वाचक

कोर्सवर्कच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हाला एक असाइनमेंट होती. आपल्या विषयातला एखादा जुना पेपर घ्या आणि त्याचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहा. मी तीन दिवस बसून लिहिला. परत आला तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीने एक प्रश्न होता : लेखकाने नेमकं म्हटलंय काय? बाकी पानं कोरी. मला भयंकर राग आला. मग शांतपणे स्वतःचं लिखाण वाचलं, तर त्यात 'अपुरा', 'कमकुवत', 'कालबाह्य' ही विशेषणं होती, पण पेपरचा दावा काय आहे हे कुठेही नव्हतं. क्रिटिकल म्हणजे टीका, आणि टीका म्हणजे झोडपणं, असंच मी धरून चालले होते.

तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन आता कोर्सवर्कला बसाल आणि हीच असाइनमेंट तुमच्याही पुढ्यात येईल. रिव्ह्यू कसा लिहावा याच्या टिप्स नेटवर ढीगभर आहेत, त्या मी पुन्हा लिहीत नाही. त्याऐवजी एक खरी गोष्ट सांगते. एकच पेपर, त्याचे तीन वाचक, आणि तिघांनी लिहिलेले तीन अभिप्राय. मला या कामाची समज आली ती या गोष्टीतून.

गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते. जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश इंजिनिअर १८३९ पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेट्सना शिकवायचा. शिकवून झालं की उरलेल्या वेळात त्याचं स्वतःचं भौतिकशास्त्र चालायचं. आजूबाजूला चर्चा करायला कोणी नाही, ना गाईड, ना सेमिनार. तिथे बसून त्याने वायूंवर एक मोठा पेपर लिहिला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. डिसेंबर १८४५ मध्ये तो तिथे पोचला.

पेपरात काय होतं? तेव्हाचा सर्वमान्य समज असा होता की उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे (कॅलॉरिक म्हणायचे त्याला), आणि वायूचे कण आपापल्या जागी राहून एकमेकांना दूर ढकलतात, त्यातून दाब तयार होतो. वॉटरस्टन म्हणाला, नाही. कण सतत सगळ्या दिशांना धावत असतात, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आदळतात, आणि दाब म्हणजे या टकरींचा परिणाम. तापमान म्हणजे या धावण्याच्या ऊर्जेचं माप. त्याहून पुढे जाऊन त्याने लिहिलं की दोन वेगवेगळे वायू मिसळले तर जड रेणू हळू आणि हलके रेणू वेगात धावतील, पण प्रत्येक रेणूची सरासरी ऊर्जा सारखीच राहील. तुम्ही हे बारावीत कायनेटिक थिअरी म्हणून शिकलात. हा माणूस ते १८४५ मध्ये लिहीत होता. याच विषयावरचा क्लाउसियसचा प्रसिद्ध पेपर १८५७ चा, मॅक्सवेलचा १८६० चा.

सोसायटीने पेपर दोन परीक्षकांकडे पाठवला. पहिला वाचक सर जॉन लबक, भरती-ओहोटीवर नावाजलेलं काम केलेला गणिती आणि व्यवसायाने बँकर. त्याच्या अभिप्रायाचा आशय असा, की हा पेपर म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे आणि सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही. झालं. विशेषण आहे, निकाल आहे, कारण मात्र नाही. माझ्या असाइनमेंटची आठवण झाली ना? मला झाली. फरक एवढाच की माझ्या विशेषणांनी कोणाचं आयुष्य बिघडलं नाही.

दुसरा वाचक जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. बेडन पॉवेल, ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक. (स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलचे वडील हेच.) त्यानेही पेपर छापण्याच्या बाजूने मत दिलं नाही. पण त्याचा अभिप्राय वाचण्यासारखा आहे. तो आधी सांगतो की हे सगळं काम एका गृहीतकावर उभं आहे, आणि लेखक स्वतःच तसं कबूल करतो. मग मान्य करतो की मांडणीत कौशल्य आहे, आणि निघालेले निष्कर्ष ज्ञात तथ्यांशी व मोजून मिळालेल्या आकड्यांशी बऱ्याच ठिकाणी जुळतात. त्यानंतर नेमकं बोट ठेवतो : वजन असलेल्या एका पृष्ठावर खालून रेणू आदळत राहतात आणि त्या टकरींवर ते तोललं जातं, अशी कल्पना करून वायूचा दाब मोजायचा, हा पायाच मला पटत नाही.

इथे जरा विचार करा. पॉवेल चुकला, हे आज आपल्याला माहीत आहे. तरी वर्गात लिहिलेला रिव्ह्यू म्हणून मी लबकला नापास करीन आणि पॉवेलला चांगले मार्क देईन. कारण पॉवेलचा अभिप्राय वाचून आपण त्याच्याशी भांडू शकतो. दावा काय, पाया कोणता, पुरावा कुठे जुळतो, आक्षेप नेमका कुठल्या पायरीवर, हे सगळं त्यात आहे. वॉटरस्टनच्या हाती तो अभिप्राय पडला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. लबकला कोणी काय उत्तर देणार?

पण पॉवेलची एक गोष्ट खटकते. निष्कर्ष निरीक्षणांशी जुळतात हे त्याने स्वतः लिहिलं, आणि तरी गृहीतक पटत नाही म्हणून सगळं बाजूला सारलं. न पटणाऱ्या गृहीतकातून इतक्या गोष्टी बरोबर कशा निघाल्या, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा होता असं मला वाटतं. १८४५ मध्ये रेणूच मुळात कोणी पाहिले नव्हते, हे मान्य. तरीही.

मार्च १८४६ मध्ये सोसायटीच्या बैठकीत पेपराचं वाचन झालं आणि इतिवृत्तात एक छोटा सारांश छापला गेला. पूर्ण पेपर छापला नाही. नियमाप्रमाणे हस्तलिखित आता सोसायटीच्या मालकीचं झालं होतं, त्यामुळे ते परत मिळेना, आणि वॉटरस्टनने स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. (थीसिसचा बॅकअप तीन ठिकाणी ठेवा असं सीनियर कानीकपाळी ओरडतात, ते उगाच नाही.) १८५७ मध्ये तो नोकरी सोडून स्कॉटलंडला परतला. लिहीत राहिला, पण त्या मोठ्या पेपराबद्दल कोणी विचारलं नाही.

आता तिसरा वाचक. लॉर्ड रॅले, तोच ज्याला पुढे आर्गॉनच्या शोधासाठी १९०४ चं नोबेल मिळालं. ध्वनिशास्त्र हा त्याचा हातखंडा विषय. त्या विषयावरचं जुनं साहित्य चाळताना त्याला १८५८ च्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये वॉटरस्टनचा ध्वनीवरचा एक लेख सापडला. त्या लेखात लेखकाने आपल्या आधीच्या कामाचा उल्लेख केला होता. आपण असे उल्लेख बघतो आणि पान उलटतो. रॅले त्या उल्लेखाच्या मागे गेला. आधी १८४६ चा सारांश काढला. तो वाचून त्याला शंका आली की मूळ पेपरात बरंच काही असणार. तेव्हा तो स्वतःच सोसायटीचा सचिव होता, त्यामुळे १८९१ मध्ये त्याने दप्तरातून हस्तलिखित शोधून काढलं, आणि १८९२ मध्ये ते फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह छापलं. मुंबईहून निघालेला पेपर सेहेचाळीस वर्षांनी छापून आला.

ती प्रस्तावना हा माझ्या मते क्रिटिकल रिव्ह्यूचा उत्तम नमुना आहे, आणि ती मोजक्याच पानांची आहे. अन्याय झालाय म्हणून रॅले लेखकाला डोक्यावर घेत नाही. दाबाचं आणि तापमानाचं स्पष्टीकरण कुठे बरोबर आहे ते सांगतो, मिश्र वायूंमध्ये ऊर्जा समान वाटली जाते हे वॉटरस्टनने सर्वांत आधी म्हटलं याचं श्रेय देतो. आणि विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तराच्या हिशेबात लेखक चुकला आहे, तसंच रेणूंचे वेग कसे विखुरलेले असतात याचा मॅक्सवेलसारखा नियम त्याच्याकडे नाही, हेही सांगतो. पेपर वेळेवर छापला न गेल्याने हा विषय दहा-पंधरा वर्षं मागे पडला असावा, असा त्याचा अंदाज आहे.

पुढे रॅलेने जे लिहिलं ते वाचून मी चमकले. डॅनियल बर्नूलीने १७३८ मध्येच दाब म्हणजे कणांच्या टकरी ही कल्पना मांडली होती. वॉटरस्टनला बहुधा ते माहीत नव्हतं. रॅले म्हणतो, त्याने आपलं काम बर्नूलीच्या सिद्धांताचा पुढचा टप्पा म्हणून मांडलं असतं, तर परीक्षकाने त्याला मूर्खपणा म्हणताना दोनदा विचार केला असता. म्हणजे लिटरेचर रिव्ह्यूचा धडा परीक्षकांनाच नाही, लेखकालाही होता. आपण थीसिसचं दुसरं प्रकरण गाईड मागतो म्हणून, फॉरमॅटमध्ये आहे म्हणून लिहितो. वॉटरस्टनकडे ते प्रकरण नव्हतं. मुंबईत त्याच्या हाताशी बर्नूली असता तर त्याचं नाव आज आपल्या पाठ्यपुस्तकात असतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. गावाकडच्या कॉलेजात, जर्नलचं सबस्क्रिप्शन नसताना रिव्ह्यू लिहिणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

याच प्रस्तावनेत रॅलेने तरुण लेखकांना एक सल्लाही दिलाय : आधी ज्याची किंमत सहज ठरवता येईल असं छोटं काम करून नाव मिळवा, मग मोठ्या झेपा घ्या. मला हा सल्ला मुळीच आवडत नाही. दोष व्यवस्थेचा, आणि उपदेश ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच? पण माझा स्वतःचा पहिला पेपर मात्र मी अगदी तसाच निवडला, छोटा आणि सुरक्षित. आता बोला.

तर तुमच्या असाइनमेंटकडे वळू. मी आता कुठलाही पेपर घेतला की आधी कोऱ्या कागदावर त्याचा दावा माझ्या शब्दांत चार ओळींत लिहिते. कसोटी अशी, की त्या ओळी लेखकाने वाचल्या तर त्याने मान डोलवली पाहिजे. तोपर्यंत एकही विशेषण नाही. मग पॉवेलसारखं पायावर बोट ठेवते, आणि लगेच पॉवेलने न विचारलेला प्रश्न विचारते : पाया कच्चा असेल तर वरचं बरोबर कसं आलं? शेवटी संदर्भांची यादी घेऊन किमान दोन संदर्भ मुळापर्यंत जाऊन वाचते. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. रिव्ह्यूत लिहिण्यासारखं काही सापडतं, तेही बहुतेक वेळा इथेच. कधी लेखकाने संदर्भातलं चुकीचं उचललेलं असतं, कधी मूळ पेपरातली मर्यादा पुढच्या पंचवीस पेपरांनी गाळलेली असते.

एक तारीख सांगायची राहिली. १८८४ मध्ये, म्हणजे ते हस्तलिखित सापडायच्या सात वर्षं आधी, रॅलेने माँट्रियलमध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून भाषण केलं होतं. विज्ञानात नवं जमवण्याइतकंच जमवलेलं पचवणं गरजेचं आहे, आणि ग्रंथालयात हरवलेली गोष्ट पुन्हा शोधणं हे प्रयोगशाळेतल्या पहिल्या शोधापेक्षाही अवघड ठरू शकतं, असं तो त्यात म्हणाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, जून १८८३ मध्ये, एडिनबरोमध्ये एक म्हातारा माणूस संध्याकाळी फिरायला म्हणून घरातून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. तो वॉटरस्टन होता.