लूतेचे कूळ

कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांवर केस झडलेल्या, कान सतत खाजवणाऱ्या कुत्र्याला लूत लागली असे म्हणतात, तर माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत तशीच खाज सुटली की ती खरूज ठरते. वस्तुतः दोन्हींचे कारण एकाच जातीचा, सार्कोप्टिस नावाचा माइट, म्हणजे आठ पायांचा, कोळ्याच्या वर्गातला सूक्ष्म जीव आहे. आणि लूत हा शब्द ज्या संस्कृत ‘लूता’पासून आला, त्याचा अर्थही कोळीच.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील आठव्या अध्यायात या नावाची कथा येते: कामधेनूसाठी विश्वामित्राशी झालेल्या कलहात संतापलेल्या वसिष्ठाचा घाम कापलेल्या, म्हणजे ‘लून’, गवतावर पडला आणि त्यातून लूता जन्मल्या. ही व्युत्पत्ती धातूला सोयीची कथा जोडून बेतलेली दिसते. तिच्यापेक्षा मोलाचे आहे ते पुढचे विधान, की लूता आपले विष लाळ, नखे, मूत्र, विष्ठा अशा सात मार्गांनी सोडते.

माइटची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते, परंतु खाज सुटते ती मुख्यतः तिची लाळ, विष्ठा आणि अंडी यांतील प्रथिने परकी म्हणून ओळखून शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळल्यामुळे. केनेथ मेलनबी यांनी दुसऱ्या महायुद्धात शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत पहिल्या लागणीनंतर साधारण महिनाभर खाज जाणवत नसे. दुसऱ्या लागणीत मात्र ती लगेच सुटे आणि माइटही कमीच तग धरत. एकदा बऱ्या झालेल्या कुत्र्यांतही असा प्रतिकार प्रयोगांत आढळला आहे. कुत्र्याचा माइट माणसाला खाजवायला लावतो, पण त्या कातडीत वंश चालवू न शकल्याने काही आठवड्यांत संपतो. डेमोडेक्स या दुसऱ्या माइटची तऱ्हा उलटी, कारण तो निरोगी कुत्र्यांच्या कातडीतही निमूट राहतो आणि प्रतिकारशक्ती दुबळी पडली की माजतो. मराठी त्यालाही लूतच म्हणते.

मग प्राचीनांनी माइट पाहिला होता काय? मादी जेमतेम अर्धा मिलिमीटरही भरत नाही, आणि खरजेचे कारण म्हणून तिचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन बोनोमो व चेस्तोनी यांनी 1687 मध्ये केले. तेव्हा अंगावर उठलेल्या पुरळाचा आळ घरातल्या कोळ्यावर आला आणि रोगाने त्याचेच नाव घेतले, हेच अधिक संभवते. वर्ग जुळला तो योगायोगाने, आणि विषाचे मार्गही तसेच.

बेल्जियन माइटतज्ज्ञ ॲलेक्स फेन यांच्या मते हा जीव मूळचा माणसाचा असून पाळीव जनावरांना तो त्याच्याकडूनच लागला. उत्तर ऑस्ट्रेलियातील 1999 च्या जनुकीय अभ्यासात माणसांवरचे आणि कुत्र्यांवरचे माइट वेगळ्या वंशांचे निघाले, परंतु त्याने फेन यांचे म्हणणे खोडले जात नाही, कारण आज विभक्त असलेली घराणी पूर्वी एक असू शकतात. तसे असेल तर कुत्र्याची लूत ही माणसाच्याच खरजेची लेक ठरते.