दाराचा खटका कोणाच्या हाती

१ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी धावली. लाकडी बॉडीची, तीस आसनांची बेडफर्ड, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे आणि तिकीट अडीच रुपये. त्या फेरीची आठवण निघते ती याच तपशिलांसाठी. पण एसटीबरोबर जिल्ह्याच्या गावोगावी एक शिस्तही पोचली, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. दार कंडक्टरच्या ताब्यात असते. तो दार ओढून घेणार, खटका बसला का पाहणार, मग डबल बेल देणार आणि तेव्हाच गाडी हलणार. दाराशी घुटमळणाऱ्या पोराला पहिला दम कंडक्टरचाच बसतो.

घरच्या मोटारीत कंडक्टर नसतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या गोल पाठीमुळे आणि पुढे आलेल्या तोंडामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटले. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. गाडी वेगात असताना असे दार जरा सुटले, की समोरचा वारा ते सताड उघडणार. मागची दारे नेहमीसारखी होती, पण मागे बसायची मुले. आतली मूठ त्यांच्या हाताला सहज लागे, सीटबेल्टचा पत्ता नसे, आणि वळणावर मुलाला धरून ठेवणारा आईचा हात हेच काय ते कुलूप.

अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस दारांच्या कुलपांसाठी मानक क्रमांक २०६ लागू केले. त्यात पुढच्या आणि मागच्या दारांत विचारपूर्वक फरक केलेला होता. पुढच्या दाराला कुलूप घातले, तर बाहेरची मूठ निकामी झाली की पुरे. मागच्या दाराला मात्र आतली आणि बाहेरची, दोन्ही मुठी निकामी व्हायला हव्यात. मागे कोण बसते, हे नियम लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. स्वीडनच्या व्होल्वोने १९७२ मध्ये मुलांसाठी मागे तोंड करून बसवायची खुर्ची आणली आणि त्याच वर्षी मागच्या दारांना चाइल्ड लॉक दिले.

हे चाइल्ड लॉक म्हणजे मागच्या दाराच्या कडेवर, लॅचजवळ बसवलेली बोटाच्या पेराएवढी कळ. काही गाड्यांत ती नखाने सरकते, काहींत किल्लीचे टोक घालून फिरवावी लागते. कळ लावली की आतली मूठ आणि लॅच यांचा संबंध तुटतो. मूठ हलते, पण दार उघडत नाही. बाहेरची मूठ मात्र पूर्वीसारखीच चालते. आणि दार बंद झाले की कळ दिसतच नाही.

मोटार रस्त्यावर येण्याआधी तिला परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत नगरचे नाव मोठे आहे. लष्करी वाहनांची तपासणी करणारी यंत्रणा फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळ चकलाल्याला होती. १९४७ मध्ये ती नगरला आली आणि तिच्यातूनच पुढे ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण संशोधनाची संस्था घडली. तिच्या वसाहतीचे नावच वाहननगर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना तपासून दाखला देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत पुण्याच्या ‘एआरएआय’बरोबर हीही आहे.

दारांच्या नियमांत आकडे कठोर आहेत. दार लावताना लॅच दोन टप्प्यांत बसते. पूर्ण बसलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे अकराशे किलोंहून जास्त ओढ सोसायची. अर्धवट बसलेल्या लॅचची ताकद याच्या निम्मीही धरलेली नाही. ‘दार नीट लाव’ असे घरोघरी बजावले जाते, त्यामागे इतका मोठा फरक आहे. दारांचा विषय जगाला एवढा मोलाचा वाटला, की संयुक्त राष्ट्रांच्या वाहन कराराखालचा पहिला जागतिक तांत्रिक नियम, २००४ मधला, दारांच्या कुलपांवरच आहे. भारत त्या करारात २००६ मध्ये सामील झाला.

घरांना दारे-कुलुपे नसल्याबद्दल प्रसिद्ध असलेले शनिशिंगणापूर नगर जिल्ह्यातलेच. २०१० मध्ये तिथे एका भाविकाच्या गाडीतून ३५ हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार झाली आणि सगळीकडे चर्चा उसळली. पण चोरासाठीचे कुलूप बाहेरच्याला अडवते. चाइल्ड लॉक आतल्याला अडवते, आणि आत दरवेळी लहान मूलच असेल असे नाही.

टॅक्सीत एकट्या बसलेल्या बाईला तेच लॉक कोंडून टाकते. चालकाने आधीच कळ सरकवून ठेवलेली असेल, तर मूठ कितीही ओढली तरी उपयोग नाही. महिलांच्या सुरक्षेचा हा प्रश्न वारंवार पुढे आल्यावर केंद्राने नियम बदलला. १ जुलै २०१९ पासून टॅक्सी म्हणून वापरायच्या नव्या मोटारींत चाइल्ड लॉक ठेवायला मनाई झाली. घरच्या मोटारींत ते राहिले, आणि ते योग्यच झाले. मुलाच्या दाराचा खटका मोठ्यांच्या हाती हवा. मोठ्या माणसाच्या दाराचा खटका मात्र त्याच्या स्वतःच्याच हाती हवा, आणि हे कायद्यात यायला फार उशीर झाला.

घरच्या गाडीतही मुले मोठी होतात आणि कळ तशीच लावलेली राहते. मग मागे बसलेली आजी मूठ ओढत राहते आणि कोणीतरी बाहेरून दार उघडीपर्यंत अडकून पडते. अशा वेळी काच खाली करून हात बाहेर घालायचा आणि बाहेरची मूठ ओढायची. सेंट्रल लॉक सुटलेले असेल, तर मदतीला धावून आलेल्यालाही दार तसेच बाहेरून उघडता येते. अपघातात गाडीची वीजच गेली तर ते सुटणार कसे, म्हणून १ जुलै २०१९ पासूनच नव्या मोटारींत सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय सक्तीची करण्यात आली.