आरंभ एकाचा, शेवट अनेकांचा

हाती घेतलेले काम तडीस न नेणाऱ्याला आपण आरंभशूर म्हणून हिणवतो. एडीएचडी किंवा ऑटिझम असलेल्या, ज्यांना हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात अशा कितीतरी लेखक-कलावंतांना हा शेरा आयुष्यभर ऐकावा लागतो. त्यामागचे गृहीत असे की, ज्याने आरंभ केला त्यानेच शेवट करायला हवा. खानदेशाचा वाङ्मयीन इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘भाषांतर’ मासिक काढले, ते थोड्याच वर्षांत बंद पडले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, पुढे त्याच्याशी बिनसले. ज्ञानेश्वरीचे व्याकरण, धातूंचा कोश, विवाहसंस्थेचा इतिहास असे एकातून दुसरे काम निघत गेले. ‘राधामाधवविलासचंपू’सारखा काव्यग्रंथ संपादायला घेतला, तर त्याची प्रस्तावनाच एका स्वतंत्र ग्रंथाएवढी झाली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले तेव्हा विवाहसंस्थेचा इतिहास अपुराच होता. पण 1927च्या आरंभीच धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले, त्यांची दप्तरे सांभाळली आणि धातुकोश 1937 साली छापून काढला. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरोटावर, शेतात त्या ओव्या रचत आणि त्यांतल्या काही मुलगा सोपानदेव व एक नातलग टिपून ठेवत. बहिणाबाई 1951 साली गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले.

यावर कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाला आज निदान चिकटवणे बरे नव्हे. ते खरेच आहे आणि इथे तसे निदान करायचेही नाही. राजवाडे कोणत्या मनोघडणीचे होते हे ठरवल्यावाचूनही त्यांचे काम कसे पुरे झाले, हे तपासता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्यांनी स्वतःच काढले, मग ते अर्धवट सोडणारे कसे? पण या खंडांची घडण पाहा. 1898च्या पहिल्या खंडापासून प्रत्येक खंड आपल्यापुरता पुरा आहे. हाती दप्तर लागावे, ते छापावे, पुढच्या गावी निघावे. मराठ्यांचा सलग इतिहास मात्र त्यांच्या हातून लिहून झाला नाही. म्हणजे जिथे कामाचे सुटे, स्वयंपूर्ण तुकडे पडले तिथे ते एकट्याने तडीस गेले. जिथे पडले नाहीत तिथे मागे उभ्या राहणाऱ्यांची गरज लागली.

तिसरा आक्षेप श्रेयाचा. कोशावर नाव राजवाड्यांचे. तो जुळवणारे, मुद्रिते तपासणारे किती जणांना आठवतात? ही उणीव खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय म्हणजे त्यांची नावेही मुखपृष्ठावर आणणे; सगळे ओझे पुन्हा एकाच्या डोक्यावर देणे नव्हे. शाळांनी, प्रकाशकांनी आणि अनुदान देणाऱ्या संस्थांनी ‘हे पुरे का केले नाहीस’ असे दरडावण्याआधी, तुकडे कसे पाडायचे आणि पुढचे कोण उचलणार, हे काम सुरू होतानाच ठरवायला हवे. धुळेकरांनी ते राजवाडे गेल्यावर केले.